जुगार आणि गेमिंगच्या विकारांवर काम शिकताना: कोकणातल्या नव्या समुपदेशकांसाठी

रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, परिचारिका किंवा शाळेतले मार्गदर्शक म्हणून तुम्ही नुकतेच कामाला लागला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मटका, क्रिकेटचा सट्टा, रमी किंवा मोबाईलवरच्या गेममध्ये कुणीतरी पुरतं अडकलंय असं घर आज ना उद्या तुमच्यासमोर येणार आहे. बहुतेक वेळा तो माणूस स्वतः येत नाही. येते त्याची बायको, आई, नाहीतर कर्जाला जामीन राहिलेला मेव्हणा. बोलणं सुरू होतं ते हप्त्यांपासून, गहाण पडलेल्या मंगळसूत्रापासून, दारात येऊन बसणाऱ्या वसुलीवाल्यांपासून. पदवीच्या अभ्यासात दारू आणि तंबाखूवर बरंच शिकवलेलं असतं, जुगारावर मात्र जेमतेम काही ओळी. त्यामुळे हे काम वेगळं, मन लावून शिकावं लागतं.

माझं ठाम मत आहे की या कामातलं पहिलं कौशल्य म्हणजे पैशांबद्दल उघड विचारता येणं. न लाजता, न दरडावता, उपदेश न करता. निदान, प्रश्नावल्या, उपचारपद्धती या सगळ्यांची गरज आहेच, पण समोरच्याने खरा आकडा सांगितला नाही तर त्या सगळ्या हवेत राहतात.

अनेकांना वाटतं की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केल्यापासून हा प्रश्न संपला. त्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला त्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेलं नाही, आणि ही गोष्ट तुमच्याकडे येणाऱ्या घाबरलेल्या पोराला आवर्जून सांगा. पण नाक्यावरचा मटक्याचा एजंट त्या कायद्याने उठलेला नाही, परदेशातून चालणाऱ्या साइटचा ‘आयडी’ (सट्टा लावायचं खातं) अजून व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतो, आणि कर्ज तर जागच्या जागीच आहे.

पायरी पहिली: आपली कक्षा ओळखा

एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्रात एम.ए. केलेल्याला प्राथमिक तपासणी करता येते, माहिती देता येते, बदलाची तयारी करून घेता येते, घरच्यांसोबत काम करता येतं आणि पाठपुरावा ठेवता येतो. औषध मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच देतात. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही पाटी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्यांनीच लावायची असते. आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक यांचं काम ओळखणं आणि नीट हाताने पुढे पोचवणं, आणि ते काम मुळीच कमी प्रतीचं नाही. गावात पहिली कुणकुण त्यांनाच लागते.

कक्षा ओळखायची याचं कारण साधं आहे. जुगारात अडकलेल्या माणसाला नैराश्य, दारू, आत्महत्येचे विचार यांतलं काही ना काही सोबत असण्याची शक्यता मोठी असते. एकट्याने पेलायचं हे काम नव्हे. पहिल्या केसच्या आधीच जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी ओळख करून ठेवा, तिथल्या परिचारिकेचा नंबर घेऊन ठेवा.

पायरी दुसरी: आपल्या किनाऱ्यावर काय खेळलं जातं ते शिका

हा भाग पुस्तकात सापडणार नाही, म्हणून थोडा वेळ देऊन सांगते.

मटका समजून घ्या. ओपन (पहिला निकाल), क्लोज (दुसरा निकाल), जोडी (दोन्ही आकडे मिळून), पान (तीन आकड्यांचा संच) हे शब्द तुम्हाला अडखळत ऐकावे लागले तर समोरचा गप्प होईल. एकेरी आकडा दहांपैकी एक येतो आणि लागला तर साधारण नऊपट मिळतात. म्हणजे दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद येतात. हे गणित कागदावर स्वतः करून बघा, मग समोरच्यासोबत करा. त्याने लगेच कुणी सुधारत नाही, पण ‘माझा अभ्यास पक्का आहे’ या समजाला पहिला तडा इथे जातो.

क्रिकेटच्या सट्ट्यात ‘लगाई-खाई’ची (संघ जिंकेल म्हणून लावणं किंवा हरेल म्हणून लावणं) भाषा असते, बुकीचा हिशेब आठवड्याने होतो आणि खेळ उधारीवर चालतो. उधारीमुळे माणसाला आपण किती खोल गेलोय हे सोमवारपर्यंत कळतच नाही. मोबाईलच्या पडद्यावर विमान वर चढत जातं आणि कोसळायच्या आत पैसे काढायचे, अशा खेळात निकाल काही सेकंदांत लागतो. निकाल जितका झटपट आणि पुन्हा लावायची सोय जितकी लगेच, तितका खेळ जास्त पकडतो. कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस सवय घट्ट करतं, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून मानसशास्त्राला माहीत आहे. लॉटरीचं आठवड्याचं तिकीट आणि मोबाईलवरचा हा खेळ यांत म्हणूनच फार अंतर आहे.

दक्षिणेकडे सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ल्यात काम करत असाल तर पणजीच्या मांडवी नदीतली कॅसिनो जहाजं हाकेच्या अंतरावर आहेत. ‘गोव्याला कामाला जातो’ याचा अर्थ प्रत्येक वेळी कामच असेल असं धरू नका, पण संशयाने विचारूही नका. जत्रांमध्ये दशावताराच्या मांडापासून थोडं बाजूला अंदर-बाहरचा पट पडतो. गणपतीत रात्रभर पत्ते होतात, आणि त्यातले बहुतेक लोक सण संपला की उठून कामाला लागतात. या लोकांना आजारी ठरवायचं नाही.

मग कोकणाचं पैशांचं वर्षही डोळ्यांसमोर ठेवा. मार्चअखेर ते मे हा आंब्याचा हंगाम, बागायतदाराच्या हातात रोकड येण्याचा काळ, आणि आयपीएलही नेमकी त्याच दिवसांत. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, तांडेल आणि खलाशी घरी, हातात रिकामा वेळ आणि मोबाईल. नव्या हंगामाच्या आधी मालकाकडून उचल मिळते. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, चाकरमानी गावात, खिशात पैसे. घसरण कधी होते हे या वर्षक्रमावर खुणा करून ठेवलं की पाठपुराव्याच्या तारखा आपोआप ठरतात.

मुलांच्या बाबतीत फ्री फायर, बीजीएमआय यांसारखे गोळीबाराचे खेळ स्वतः थोडे खेळून बघा. ‘रँक पुश’ (वरच्या श्रेणीत जायची धडपड), ‘स्क्वाड’ (चौघांचा संघ), ‘डायमंड’ (गेममधलं विकतचं चलन) हे शब्द कळले की पंधरा वर्षांचा मुलगा तुमच्याशी बोलायला लागतो. मध्येच खेळ सोडला तर बाकीचे तीन मित्र हरतात, म्हणून ‘जेवायला ये’ म्हटल्यावर तो उठत नाही, हेही तुम्हाला आतून कळेल.

पायरी तिसरी: कशाला विकार म्हणायचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, जुगाराचा विकार आणि गेमिंगचा विकार हे दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, त्यांचे संकेतांक ६सी५० आणि ६सी५१. हे वर्गीकरण २०१९ मध्ये स्वीकारलं गेलं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी बघितल्या जातात. खेळण्यावरचा ताबा सुटलेला आहे का, खेळाला बाकी सगळ्या गोष्टींच्या वरचं स्थान मिळालंय का, आणि नुकसान होऊनही खेळ चालूच आहे किंवा वाढतोय का. हे साधारण बारा महिने दिसायला हवं, लक्षणं फार तीव्र असतील तर कमी काळही चालतो.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानाची पुस्तिका म्हणजे डीएसएम-५. तिच्यात २०१३ साली जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात आणला गेला. त्याआधी तो आवेगांवर ताबा नसण्याच्या विकारांत मोडत असे. त्यात नऊ निकष आहेत. वर्षभरात चार किंवा अधिक जुळले तर विकार, चार-पाच सौम्य, सहा-सात मध्यम, आठ-नऊ तीव्र. गेमिंगचा विकार मात्र तिथे ‘पुढील अभ्यासाची गरज’ या भागात ठेवला आहे, आणि त्यात नऊपैकी पाच निकष लागतात.

तास मोजून निदान करू नका. मे महिन्याच्या सुट्टीत दिवसाला सहा तास खेळणारा मुलगा जूनमध्ये शाळेत नीट जात असेल, झोपत असेल, मित्रांशी बोलत असेल, तर तो आजारी नाही. तीनच तास खेळणारा पण ते तीन तास रात्री दोन ते पाच असलेला, शाळा सोडलेला, आईच्या खात्यातून चोरून पैसे काढणारा मुलगा तुमच्या काळजीचा विषय आहे.

दोन गोष्टी नवे लोक हमखास विसरतात. एक, अचानक सुरू झालेली उधळपट्टी, झोप न लागणं, भरमसाट बोलणं आणि त्यासोबत जुगार असेल तर हा उन्मादाचा (मेनियाचा) झटका असू शकतो. तिथे आधी मानसोपचारतज्ज्ञ. दुसरी, पार्किन्सन म्हणजे कंपवातासाठी दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं काही जणांत जुगाराची ओढ नव्याने निर्माण करतात, आणि अ‍ॅरिपिप्राझोल या मानसिक आजारावरच्या औषधाबद्दलही तसा इशारा आहे. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेले निवृत्त गुरुजी साठीनंतर एकाएकी लॉटरीच्या दुकानात दिसू लागले, तर त्यांच्या गोळ्यांची पाकिटं मागवून बघा. गोळ्या तुम्ही बंद करायच्या नाहीत, ते डॉक्टरांना कळवायचं.

पायरी चौथी: प्रश्नावल्या, थोड्या पण नीट

सुरुवातीला तीन पुरेत. पहिली बीबीजीएस (ब्रीफ बायोसोशल गॅम्ब्लिंग स्क्रीन), केवळ तीन प्रश्नांची: गेल्या बारा महिन्यांत खेळ कमी करताना चिडचिड, बेचैनी झाली का, किती खेळता हे घरच्यांपासून लपवलं का, आणि खेळामुळे पैशांची अशी अडचण आली का की घरच्यांची किंवा इतरांची मदत घ्यावी लागली. एकालाही ‘हो’ आलं तर पुढे सविस्तर बोलायचं. दुसरी पीजीएसआय (प्रॉब्लेम गॅम्ब्लिंग सिव्हिरिटी इंडेक्स), नऊ प्रश्न, गुण शून्य ते सत्तावीस. आठ किंवा त्याहून जास्त म्हणजे समस्या गंभीर, तीन ते सात मध्यम धोका. तिसरी गेमिंगसाठी, आयजीडीएस९-एसएफ (इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर स्केल, छोटी आवृत्ती), नऊ प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण.

प्रश्न कागद हातात देऊन भरून घेऊ नका. शेजारी बसून विचारा. आणि ‘जुगार खेळता का?’ असं कधीच विचारू नका, कारण रमीवाला म्हणेल ‘तो तर डोक्याचा खेळ आहे’ आणि आकडा लावणारा म्हणेल ‘दहा-वीस रुपयांचा कसला जुगार’. ‘पैसे लावून काय काय खेळता?’ एवढंच विचारा. मालवणी बोलणाऱ्याशी मालवणीत बोला. ‘काकानू, गेल्या म्हयन्यात सगळ्यात जास्त किती गेले?’ हा प्रश्न छापील मराठीत विचारला की तहसील कचेरीतल्या चौकशीसारखा वाटतो. मात्र आपल्या बोलीत समजावून विचारलेल्या प्रश्नांचे गुण अहवालात लिहिताना तशी नोंद करा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना ते कसे वाचायचे कळेल.

पायरी पाचवी: पहिली भेट, आणि पैशांचं विचारणं

आई किंवा बायको आधी येते तेव्हा तिला ‘त्याला घेऊन या’ म्हणून परत पाठवू नका. तीही तुमची रुग्ण आहे. तिची झोप गेलीय, तिच्या नावावर बचत गटाचं कर्ज आहे, आणि सासरचे तिलाच म्हणतायत की तू त्याला सांभाळू शकली नाहीस. तिला सर्वांत आधी हे सांगायचं की नवऱ्याचा जुगार तिच्यामुळे सुरू झालेला नाही. मग ती काय काय करू शकते ते.

तो माणूस आला की पहिली दहा मिनिटं त्याच्या कामाबद्दल बोला. बाग किती कलमांची, बोट कुणाची, मोहोर कसा आहे. नंतर खेळाबद्दल, उत्सुकतेने. सगळ्यात मोठी लागलेली रक्कम कोणती? ती जवळजवळ प्रत्येकाला तारखेसकट आठवते, आणि बऱ्याचदा ती अगदी सुरुवातीच्या दिवसांतली असते. मग विचारा, सगळ्यात मोठा फटका कधी बसला? दुसऱ्या दिवशी काय केलं? ‘गेलेले काढायला परत लावले’ हे उत्तर ऐकू येईल. हा नऊ निकषांतला एक आहे, आणि तुम्ही तो न विचारता मिळवलात.

आता कागद घ्या आणि देण्यांचा तक्ता काढा. बँक, पतपेढी, सोनेतारण, बायकोच्या नावावरचा बचत गट, लोन अ‍ॅप, बोटमालकाची उचल, वाशीच्या दलालाकडून आंब्यावर घेतलेली आगाऊ रक्कम, मित्रांचे हातउसने, खाजगी सावकार, बुकी. प्रत्येकापुढे मूळ रक्कम, व्याज, गहाण काय, आणि धमकी कोण देतंय. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा खरा नसतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो वाढतो. ‘म्हणजे तेव्हा खोटं बोललात’ असं म्हणू नका, ‘बरं झालं सांगितलंत, लिहून घेऊ’ म्हणा. तुमच्या चेहऱ्यावर धक्का दिसला तर उरलेले आकडे त्याच्या पोटातच राहतील. हे आरशासमोर, सहकाऱ्यासोबत सराव करून शिकायचं असतं, आणि प्रशिक्षणात याचा सराव घेतला जात नसेल तर मागून घ्या.

त्याच भेटीत आत्महत्येबद्दल थेट विचारा. ‘या सगळ्यात जीव नकोसा वाटतो का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तसं मनात भरत नाही, उलट माणूस पहिल्यांदा मोकळा होतो. ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका विश्वासू माणसाला त्याच्या परवानगीने बोलवा, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आंबा-काजूच्या घरात फवारणीची औषधं असतातच. ती कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्याकडे द्यायला सांगणं हा तुमच्या कामाचा भाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने घरच्यांनी दवाखाना टाळू नये.

घरचे विचारतील, ‘शेत विकून एकदाचं सगळं फेडून टाकू का?’ इथे ठाम राहा. खेळ चालू असताना कर्ज एकरकमी फेडणं म्हणजे भोक न बुजवता होडीतलं पाणी उपसणं. सगळी देणी कागदावर आल्याशिवाय, पैशांचा ताबा दुसऱ्याकडे गेल्याशिवाय एकही दागिना मोडू नका असं सांगा. जिवाला धोका असलेलं देणं असेल तर वेगळी गोष्ट. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कायदेशीर सल्ला मिळतो, पात्र असलेल्यांना मोफत. विनापरवाना सावकाराविरुद्ध महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

पोरांना आणखी एक प्रश्न विचारा: तुझं बँक खातं, एटीएम कार्ड, सिम कुणाला वापरायला दिलंयस का? महिन्याला काही हजार मिळतात म्हणून खातं ‘भाड्याने’ देणारी मुलं आहेत, आणि त्या खात्यातून सट्ट्याचा किंवा फसवणुकीचा पैसा फिरतो. पोलीस शेवटी खातेदाराच्या दारात येतात. ते आधी कळलं तर वेळेत वकिलाकडे नेता येतं.

पायरी सहावी: उपचारात काय शिकायचं

दोन पद्धती पक्क्या करा. प्रेरणादायी संवाद, जो विल्यम मिलर आणि स्टीफन रॉलनिक यांनी विकसित केला, आणि विचार-वर्तन उपचार, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात. जुगारासाठी ज्या मानसोपचारांचा सर्वाधिक अभ्यास झालाय त्यांत हे दोन पुढे आहेत.

प्रेरणादायी संवादात तुम्ही त्याला पटवायचं नसतं, त्याच्याच तोंडून कारणं यायला हवीत. ‘सोडायचंय, पण आधी गेलेले वसूल करून’ असं तो म्हणाला तर ‘सोडायचंय’ हा धागा धरा. ‘सोडायचं का वाटलं?’ एवढं विचारून गप्प बसा.

सीबीटीत विचारांतल्या चुका पकडायच्या. ‘तीन दिवस सत्ता आला नाही, आज येणारच’, ‘एका आकड्याने हुकलो, म्हणजे जवळ आलोय’, ‘स्वप्नात दिसलं म्हणून लावलं’, ‘माझा चार्टचा अभ्यास आहे’. प्रत्येकाचं गणित वेगळं, त्यामुळे तयार उत्तरं चालत नाहीत. त्याच्यासोबत एका घसरणीचा पूर्ण माग काढा: कुठे होता, काय मनात आलं, कुणाचा फोन आला, खिशात किती होते, नंतर काय झालं. तिथून अडवायच्या जागा सापडतात. यूपीआयची दिवसाची मर्यादा कमी करणं, जास्तीची सिमकार्डं बंद करणं, त्याच्या संमतीने पगार किंवा वाटा बायकोच्या खात्यात जाणं, एजंटच्या टपरीवरून जाणारा रस्ता टाळणं, ओपन-क्लोजच्या वेळेला हाताला दुसरं काम. ओढ आली की अर्धा तास काहीही न लावता थांबायचं, कारण ओढ चढते तशी उतरतेही. जुगाराच्या विकारासाठी म्हणून खास मंजूर झालेलं औषध अमेरिकेच्या एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेकडेही नाही. नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं काही जणांना उपयोगी पडतात, आणि सोबतच्या नैराश्यावर, दारूवर उपचार लागतात. तो निर्णय डॉक्टरांचा.

मुलांच्या गेमिंगमध्ये आपल्याकडचं एक चित्र वारंवार दिसतं. वडील मुंबईला, मुलगा आजीजवळ. ‘झील जेवक येणा नाय, शाळेत जाणा नाय’ म्हणून आजी रडते, आणि वडील फोनवरून ओरडून मोबाईल फोडायची धमकी देतात. मोबाईल एकाएकी हिसकावला तर मारामारी होते, कधी मुलगा स्वतःला इजा करून घेतो. वडिलांना व्हिडिओ कॉलवर बसवून लेखी करार करा. आधी झोप सावरा: रात्री दहाला मोबाईल आजीच्या कपाटात. मग शाळा. मग तास हळूहळू कमी. कार्ड आणि यूपीआयची माहिती मुलाच्या फोनमधून काढून टाका. शाळेत कुणी छळतंय का, अभ्यास झेपत नाही का, एकाग्रतेचा जुना त्रास आहे का, उदास आहे का, हे शोधा. अनेकदा गेम हा त्या मुलाला जिथे जिंकता येतं असा एकमेव कोपरा असतो. तो काढून घ्यायचा तर दुसरा द्यावा लागतो: कबड्डीचा संघ, भजनातला पखवाज, मामाची बोट.

पायरी सातवी: शिकायचं कुठे

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. तिथे आणि जिल्हा रुग्णालयांतल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमसोबत काही आठवडे बसायची परवानगी मागा. सिंधुदुर्गच्या दक्षिण भागातल्यांना गोव्यात बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था जवळ पडते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. घरच्यांना सोबत घेऊन काम कसं करायचं हे बघायला तिथे जाऊन या. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून ‘शट क्लिनिक’ आहे, तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर काम करणारं, आणि त्याच संस्थेची डिजिटल अकादमी मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते, परिचारिका यांच्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. निम्हान्सच्या इको उपक्रमात तर आपली केस मांडून तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. देवगडात बसून हे मिळतंय, त्याचा फायदा घ्या.

अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी विचारा: केसवर देखरेख मिळणार का, किती तास? जुगार आणि गेमिंग वेगळे शिकवणार का? कर्जाचा तक्ता, कुटुंबाची बैठक यांचा सराव आहे का? शिकवणाऱ्याने स्वतः असे रुग्ण पाहिलेत का? खर्च कोण करतंय, गेमिंग कंपनी तर नाही ना? देखरेख नसलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला ठीक आहे, पण त्याच्या जोरावर एकट्याने केस घेऊ नका.

पायरी आठवी: गावात गुपित राखणं

गाव लहान. एजंट तुमच्याच वाडीतला, पतपेढीचा संचालक रुग्णाचा काका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. वहीत पूर्ण नाव लिहू नका, वही कपाटात कुलपात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर केसची चर्चा नको. भेटीची वेळ आठवडी बाजाराच्या दिवशी दिली तर माणूस तालुक्याला का आला हे कुणी विचारत नाही. तुमचं नातं लागत असेल तर ती केस सहकाऱ्याकडे द्या.

पोलिसांची माहिती देणारे होऊ नका. अड्ड्यावर सापडलेल्यावर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते, हे रुग्णाला सांगायचं ते त्याला सावध करायला. तुमच्यावर एकदा ‘खबऱ्या’ असा शिक्का बसला की त्या पंचक्रोशीतून दुसरा माणूस येणार नाही.

पायरी नववी: पाठपुरावा

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, पुढे तीन महिने पंधरवड्याने, नंतर वर्षभर महिन्यातून एकदा भेट ठेवा. माणूस आला नाही तर फोन करा. घसरण झाल्यामुळे लाजेने न येणारे फार असतात. घसरला तर काय चुकलं यापेक्षा मधले किती दिवस निभावले आणि ते कसे, हे आधी विचारा.

वर्षक्रमावरच्या खुणा आता कामी येतात. आयपीएलच्या आधी, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, बागायतदारांना फोन. मेअखेर, बोटी वर ओढायच्या आधी, खलाशांना. गणपतीच्या आठ दिवस आधी सगळ्यांना. फोनवर तीन गोष्टी विचारायच्या: गेल्या भेटीपासून किती लावले, देण्यांच्या तक्त्यात नवीन ओळ आली का, झोप आणि मन कसं आहे. उत्तर त्याच दिवशी वहीत लिहायचं, तारखेसह, आणि पुढच्या फोनची तारीख त्याच्यासमोरच ठरवून टाकायची.